मांजर पुन्हा पुन्हा गादीवर शू करतंय? फिनेल ठेवा बाजूला, आधी हे बघा

मांजराने गादीवर शू केली की घरातलं कोणीतरी पहिलं वाक्य हेच बोलतं, "मुद्दाम केलंय त्याने, काल ओरडले ना म्हणून." मग गादी उन्हात, चादरी मशीनमध्ये, मांजर बाल्कनीत आणि अख्ख्या घराला फिनेलचा वास. चार-पाच दिवसांत बंद होतं, आपल्याला वाटतं शिकलं बिचारं, आणि महिन्या-दीड महिन्याने परत तेच, ह्या वेळी सोफ्यावर. ओळखीतले मांजरवाले फोन करतात त्यातल्या बहुतेकांची स्टोरी हीच असते, फक्त सोफ्याच्या जागी कधी आजीची गोधडी तर कधी बाथरूमबाहेरचं पायपुसणं.

मांजर सूड वगैरे घेत नाही हो. शी-शूच्या डब्याबाहेर शू म्हणजे एक तर त्याला दुखतंय, नाहीतर डबा पसंत नाहीये, नाहीतर घरात काहीतरी बदललंय आणि त्याचं टेन्शन आलंय. हे तपासायचं पण ह्याच क्रमाने. लोक उलटं करतात, आधी डबा बदलतात, लिटर (डब्यातली माती) बदलतात, ऑनलाइन स्प्रे मागवतात आणि डॉक्टर सगळ्यात शेवटी, आणि तेवढ्या वेळात कधीकधी मांजर हातचं जातं.

बोका असेल तर हा भाग नीट वाचा

बोका डब्यात जातो, पाठ वाकवून बसतो, शेपटी मागे ताणलेली, मिनिटभर तसाच. उठतो, लिटर उकरतो, पण आत बघाल तर काहीच नाही किंवा दोन थेंब, कधी गुलाबी रंगाचे. बाहेर येऊन लघवीची जागा चाटत बसतो आणि पाच मिनिटांत परत डब्यात. काही बोके ह्या वेळी रडतात, एरवीच्या म्याऊसारखा आवाज नसतो तो, खोल आणि लांब असतो, एकदा ऐकलात की विसरणार नाही. घरच्यांना वाटतं संडासला होत नाहीये, मग कोणी तूप चाटवतं, कोणी एरंडेल. कृपया नको. बोक्याची लघवीची नळी टोकाला अगदी बारीक असते, तिथे बारीक खडे किंवा चिकट बूच अडकलं की लघवी तुंबते, किडनीवर ताण येतो, रक्तात पोटॅशियम वाढत जातं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. पूर्ण तुंबलेला बोका एक-दोन दिवसांत जाऊ शकतो. उलटी झाली, खाणं सोडलं, कपाटामागे जाऊन बसला, पोट खालून कडक लागतंय, ह्यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. आणि पोट दाबून लघवी काढायचा प्रयत्न तर अजिबात नको, तुंबलेलं मूत्राशय फुटू शकतं.

मुंबईत जायचं कुठे, तर परळचं बैलघोडा हॉस्पिटल जुन्या लोकांना माहीत असतंच, बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हे त्याचं खरं नाव. महालक्ष्मीला टाटांचं प्राण्यांचं मोठं हॉस्पिटल २०२४ मध्ये सुरू झालंय. पण तुम्ही राहता मुलुंडला नाहीतर बोरिवलीला, वेळ रात्री दोनची, बाहेर पाऊस कोसळतोय आणि रिक्षा सायन-वांद्र्याच्या पुढे येत नाही, तेव्हा हे सगळं आधीच ठरलेलं हवं. आपल्या एरियात रात्री कोणता डॉक्टर खरंच भेटतो, तिथे कॅथेटर (तुंबलेली लघवी काढायची बारीक नळी) घालायची सोय आहे का, हे आजच फोन करून विचारा आणि नंबर फ्रीजवर चिकटवा. मांजर न्यायचा कॅरियर माळ्यावर टाकून ठेवू नका, तो खाली घरातच उघडा पडू दे, आत जुना टॉवेल घाला, मांजर आपणहून जाऊन झोपेल आणि गरजेच्या दिवशी पलंगाखालून ओढून काढायची वेळ येणार नाही.

दुखतंय म्हणून आपली पॅरासिटामॉल पाव तुकडा पण द्यायची नाही. मांजराच्या लिव्हरला ती पचवताच येत नाही, त्याच्यासाठी ते विषच आहे.

मादीची नळी रुंद असते म्हणून ती सहसा तुंबत नाही, पण जळजळ तिलाही होते, रक्तही पडतं, त्यामुळे "मनीच आहे, बघू चार दिवस" असं करू नका, एक-दोन दिवसांत दाखवाच.

रिपोर्ट नॉर्मल आले, तरी परत परत होतंच आहे

ह्या प्रॉब्लेमचं खरं गाडं इथे अडतं. दहा वर्षांच्या आतल्या मांजरात अशा त्रासाचं सगळ्यात कॉमन कारण इन्फेक्शन नसतंच. त्याला फेलाइन इडिओपॅथिक सिस्टायटिस म्हणतात, म्हणजे मूत्राशयाला आतून सूज आहे, जळजळ आहे, पण जंतू नाहीत, खडे नाहीत, ठोस कारण सापडत नाही. टेन्शनशी ह्याचं जवळचं नातं आहे. आणि गंमत म्हणजे बहुतेक वेळा तो अटॅक आठवड्याभरात आपोआप ओसरतो.

आता विचार करा, ह्या एका आठवड्यात तुम्ही काय काय केलेलं असतं. अँटिबायोटिकचा कोर्स, नवीन लिटर, कोणीतरी सांगितलेली होमिओपॅथीच्या गोळ्यांची बाटली, सासूबाईंनी दृष्ट काढलेली असते ती वेगळीच. मांजर बरं झालं की श्रेय ह्यातल्या कोणाला तरी जातं, मूळ कारण तसंच राहतं आणि पुढच्या टेन्शनला परत सुरू. म्हणून एखादी गोष्ट "लागू पडली" असं पहिल्या आठवड्यात ठरवू नका, दोन-तीन महिने शांत गेले तर बोला.

डॉक्टरकडे जाताना लघवीचा नमुना नेता आला तर बेस्ट. डबा साबणाने घासून कोरडा करा, त्यात लिटरऐवजी फिशटँकमधले धुतलेले गुळगुळीत खडे घाला, ते पाणी शोषत नाहीत, मग सुई नसलेल्या सिरिंजने ओढून घ्या आणि ताजंताजं न्या. कल्चर, म्हणजे जंतू आहेत का ती तपासणी, करायचं असेल तर डॉक्टर सुईने थेट मूत्राशयातून घेतात, ऐकायला भयंकर वाटतं पण मिनिटाचं काम आहे. खडे आहेत का ते एक्स-रे किंवा सोनोग्राफीत कळतं. स्ट्रुव्हाइटचे खडे खास डाएटने विरघळू शकतात, ऑक्झलेटचे विरघळत नाहीत, त्यामुळे दुकानदाराने सांगितलं म्हणून युरिनरीवालं खाणं स्वतःच सुरू करू नका.

आणखी एक बघायचं, लघवीने लिटरचे होणारे गोळे केवढे आहेत. लिटरमध्ये छोटे छोटे सुपारीएवढे भरपूर गोळे दिसले तर जळजळ आहे. मांजर वयस्कर आहे आणि गोळे एकदम मोठे झालेत, पाणीही जास्त पितंय, तर किडनी, शुगर, थायरॉइड तपासायचं. म्हातारपणी गुडघे, कंबरही धरते त्यांची, उंच काठाच्या डब्यात चढायचं जिवावर येतं म्हणून ते शेजारीच करून मोकळे होतात.

पाणी पोटात कसं जाईल ते बघा. सुक्या खाण्यात दहा टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, पाऊचमध्ये पंचाहत्तर-ऐंशी टक्के. मांजर मुळात वाळवंटी जनावराच्या वंशातलं, तहान कमीच लागते त्याला, त्यामुळे नुसत्या सुक्यावर असलेलं मांजर वाटीभर पाणी पिऊन भरपाई करेल ह्या भरवशावर राहू नका. पाऊच परवडत नसेल तर बिनमिठाची उकडलेली मासळी त्याच्या पाण्यासकट, त्यात कांदा-लसूण नाही, हळद-मसाला नाही, आणि काटे काढून. रोज नुसती मासळीच नको, अधूनमधून ठीक. सुकट-बोंबील मात्र नको, खारवलेले असतात. पाण्याची भांडी घरात दोन-तीन ठिकाणी ठेवा, पसरट असलेली बरी, आणि डब्याला चिकटून नको, संडासात बसून पाणी प्यायला आपल्याला तरी आवडेल का?

डब्याची तपासणी

दुकानात लिटर ट्रे म्हणून जे मिळतं त्यातले बरेचसे पिल्लांच्या मापाचे असतात. मोठ्या मांजराला नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत मापलं त्याच्या दीडपट लांब डबा लागतो, म्हणजे साधारण दोन फुटांच्या पुढेच. एवढा तयार मिळाला नाही तर कपडे ठेवायचा मोठा प्लास्टिकचा बॉक्स घ्या, एका बाजूने आत जायला खाली कापा, कडा घासून घ्या, झालं. झाकणवाला डबा आपल्याला बरा वाटतो कारण घाण दिसत नाही, पण आतमध्ये वास कोंडतो आणि भोगतं मांजर.

संख्येचा नियम, मांजरं जेवढी तेवढे डबे अधिक एक. वन बीएचकेत तीन डबे ठेवायचे कुठे हे मला कळतंय, पण दोन मांजरं असतील तर निदान दोन डबे दोन वेगळ्या ठिकाणी हवेतच. शेजारी शेजारी ठेवलेत तर मांजराच्या हिशेबाने तो एकच डबा, आणि दादागिरी करणारं मांजर मध्ये पाय पसरून बसलं की दुसरं जाणार कुठे, तुमच्या गादीवरच.

जागेचा घोळ तर आपल्याकडे ठरलेलाच. डबा बाथरूममध्ये असतो, सकाळी सातपासून घरातले एकामागोमाग एक आंघोळीला, दार बंद, फरशी ओली, मांजर बाहेर ताटकळत. मग कोणीतरी तो ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनशेजारी हलवतं. मांजर आत बसलेलं असताना नेमकं स्पिन सुरू झालं, मशीन थडथडलं, की एकदाच घाबरलेलं मांजर पुढे कित्येक दिवस तिथे पाय ठेवत नाही. डबा अशा जागी हवा जिथून येणारा-जाणारा दिसतो, पळायला वाट आहे आणि दिवसभर दार उघडं असतं. हॉलचा कोपरा, टीव्ही युनिटच्या बाजूला. पाहुणे नाकं मुरडतील, मुरडू देत. बाल्कनीत ठेवणार असाल तर आधी पक्की जाळी, नुसती कबुतरांची नायलॉनची नको, ती मांजर दातांनी कुरतडतं. उंचावरून मांजर चार पायांवर पडतं आणि काही होत नाही हा गैरसमज आहे, जबडा, छाती, पाय मोडून आलेली मांजरं डॉक्टर कायम बघतात.

लिटर आवडत नाहीये हे मांजर सांगतं, फक्त एकदा बाजूला बसून बघायला हवं. डब्याच्या काठावर दोन पाय, आत दोनच पाय, उकरायचं नाव नाही, काम झालं की पंजा झटकत धूम बाहेर, आणि माती टाकल्यासारखं करतं ते पण बाहेरच्या फरशीवर, हे दिसलं की समजायचं पायाखालचं टोचतंय किंवा नाकाला सहन होत नाहीये. बऱ्याच मांजरांना बारीक, मऊ, बिनवासाचं, गोळा होणारं लिटर आवडतं. लॅव्हेंडर-बिव्हेंडर कंपन्या आपल्या नाकासाठी घालतात. जाडी दोन-तीन इंच ठेवा, रोज दोनदा गोळे काढा, आणि बदलायचंच असेल तर नवीन लिटर जुन्यात थोडं थोडं मिसळत न्या.

पावसाळ्यात वेगळा ताप. जून ते सप्टेंबर हवाच एवढी दमट की मातीचं लिटर गोळा व्हायच्या ऐवजी चिखल होतं आणि टोफूच्या लिटरचं पाकीट उघडं राहिलं तर त्याला बुरशी धरते. घट्ट झाकणाच्या डब्यात काढून ठेवा. टॉयलेटमध्ये फ्लश करू नका, मातीवालं तर अजिबातच, आपल्या बिल्डिंगच्या पाइपांची अवस्था बघता प्लंबर तुमच्या नावाने शिमगा करेल. पिशवीत बांधून कचऱ्यात द्या.

घरात कोणी गरोदर असेल तर मांजर बाहेर काढायची भाषा लगेच सुरू होते. भीती असते टॉक्सोप्लाझ्माची, म्हणजे मांजराच्या शीमधून पसरणाऱ्या, गर्भाला धोका असलेल्या परजीवीची. त्याची अंडी शीमधून बाहेर पडली तरी ती संसर्ग करण्याजोगी व्हायला किमान एक दिवस तरी जातो. म्हणून डबा रोज साफ झाला पाहिजे आणि तो नवऱ्याने करावा, एवढंच. मांजराला कच्चं मटण-मासे देऊ नका, आपणही नीट शिजवलेलंच खा.

वास गेला असं तुम्हाला वाटतं

मांजराच्या लघवीतले वासाचे कण पाण्याने, साबणाने पूर्ण निघत नाहीत. कोरडं असताना वास येत नाही, हवेत दमटपणा आला की परत उठतो. एप्रिलमध्ये धुतलेला सोफा पहिल्या पावसात का घमघमतो त्याचं उत्तर हेच. आपल्याला चार महिने कळतो, मांजराला बारा महिने कळतो, आणि जिथे वास तिथे परत जायचं हे त्याच्या डोक्यात पक्कं.

फिनेल, डेटॉल हे तर बंदच करा. काळ्या फिनेलमधले क्रेसॉल-फिनॉल जातीचे पदार्थ मांजराच्या लिव्हरला पचत नाहीत, ते फरशीवरून पंजाला लागतात आणि मांजर पंजा चाटतं. ब्लीच लघवीवर ओतलं तर अमोनियाशी रिअ‍ॅक्शन होऊन घातक वायू निघतो, तो तुमच्या छातीलाही वाईट. पेट शॉपमध्ये किंवा ऑनलाइन एन्झाइमवाला क्लीनर मिळतो, तो घ्या. आधी जुन्या कपड्याने टिपून घ्यायचं, घासायचं नाही, मग क्लीनर नुसता वर शिंपडून उपयोग नाही, लघवी जेवढी खोल गेली तेवढा तो जायला हवा. पंधरा मिनिटं भिजू द्या, जुना डाग असेल तर जास्त, मग पंख्याखाली वाळवा. डाग कुठे आहेत ते सापडत नसेल तर यूव्ही टॉर्च आणा, रात्री लाइट बंद करून फिरा, हिरवट-पिवळे चट्टे चमकतात, आणि तयारी ठेवा, तुम्हाला माहीत नसलेले चार तरी सापडतील. कापसाची गादी आतपर्यंत भिजली असेल तर क्लीनर ओतत बसण्यात अर्थ नाही, खराब झालेला कापूस काढून गादीवाल्याकडून परत भरून घ्या. रबर लावलेली पायपुसणी मात्र सरळ फेका, काही मांजरांना तीच का लागतात देव जाणे.

डॉक्टर झाले, डबा झाला, वास गेला, तरी चालूच

मग कॅलेंडर काढा. शू झाली ती तारीख लिहा आणि त्याच्या आदल्या दोन-तीन दिवसांत घरात, बिल्डिंगमध्ये काय झालं ते. कांदिवलीला माझ्या मावसबहिणीकडे मनीचं असंच चालायचं, लिहायला लागल्यावर दिसलं की वरच्या मजल्यावर टाइल्स फोडायचं काम ज्या ज्या आठवड्यात निघायचं त्याच आठवड्यात शू. तिला ड्रिलिंग तर थांबवता येणार नव्हतं, मग कामाच्या वेळात मनी आतल्या बेडरूममध्ये, पंखा फुल, पडदे ओढलेले, कपाटाचं एक दार उघडं लपायला, डबा आणि पाणी तिथेच. एवढ्याने बराच फरक पडला. रिडेव्हलपमेंट, बाहेर बांबूची परांची, ट्रान्झिटच्या घरात शिफ्टिंग, गणपतीत घरभर पाहुणे आणि खाली ढोल-ताशा, दिवाळीचे फटाके, नवं बाळ, नवं मांजर, अगदी सोफ्याची दिशा बदलली तरी काही मांजरं हलतात. त्यांना उंच बसायची जागा, लपायला खोका, ठरल्या वेळी जेवण आणि रोज दहा-पंधरा मिनिटं काठीला बांधलेल्या पिसामागे पळणं एवढं मिळालं तर अटॅक लांबतात. फेरोमोन डिफ्युझरचा (मांजराला शांत करणारा वास हवेत सोडणारं यंत्र) काहींना फायदा होतो, सगळ्यांना नाही, महाग आहे, शेवटी बघा. गोळ्यांची गरज आहे का ते डॉक्टर ठरवतील.

एक वेगळी केस म्हणजे फवारणी. उभ्याने, शेपटी ताठ आणि थरथरती, भिंतीवर किंवा पडद्यावर थोडीशी पिचकारी, ही हद्द आखणं झालं. ऑपरेशन न केलेल्या बोक्यात हे सर्रास होतं, आणि नसबंदीनंतर दहातल्या नऊ बोक्यांचं कमी होतं किंवा थांबतं. पाच-सहा महिन्यांचा झाला की करून टाका, सवय लागल्यावर केलं तर वेळ जातो. ऑपरेशन झालेलं मांजर अचानक दारापाशीच फवारायला लागलं तर बाहेर बघा, पॅसेजमध्ये किंवा तळमजल्याच्या खिडकीत एखादा भटका बोका येऊन बसत असणार. दाराखालची फट बंद करा, खिडकीच्या खालच्या काचांना धूसर कागद लावा, सेफ्टी डोअरची बाहेरची बाजूही त्याच एन्झाइमने धुवा. त्या बोक्याची नसबंदी एखाद्या संस्थेकडून करून घेता आली तर अख्ख्या मजल्याचा प्रश्न सुटतो आणि सेक्रेटरीची कटकटही.

बदल करताना एका वेळी एकच करा. डबा, जागा, लिटर, खाणं सगळं एकाच रविवारी बदललंत तर मांजर अजून बावचळतं आणि नेमकं कशाने थांबलं हे तुम्हालाही कळत नाही. आणि हो, मांजर डब्यात बसलेलं असताना लांबून मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा, कारण क्लिनिकच्या टेबलावर ते शहाण्यासारखं गप्प बसतं आणि "जोर करतंय" म्हणजे नक्की कसं हे डॉक्टरांना तोंडी सांगता येत नाही.